कवेलूंखालची वायर

माझा नवरा वर असायचा आणि मी खाली. आमच्या संसारातली बरीच वर्षं अशी गेली. तो कुणाच्या तरी घराच्या माळ्यावर, कवेलू, म्हणजे कौलं, आणि मयाली, म्हणजे लाकडी तुळया, यांच्या मधल्या जागेत पोटावर सरपटत असायचा, आणि मी खालच्या खोलीत उभी राहून वायरचं भेंडोळं सोडत असायची. तो ओढायचा, मी सोडायची. वायर अडकली की वरून आवाज यायचा, "ढील दे!" मी ढील द्यायची. घरातली माणसं खुर्च्या मांडून आमच्याकडे पाहत बसायची. ढील दे, थांब, आता ओढतो, पुरे. दिवसभरात आम्ही एकमेकांशी जे बोलायचो त्यातलं बहुतेक एवढंच असायचं.

लग्न होऊन मी गोंदियाला आले ते दोन हजार सालाच्या आगेमागे. तेव्हा नवरा टीव्हीच्या केबलचं काम करायचा. शहराला लागून असलेल्या फुलचूरला आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. त्याची आई आमगावला होती, आणि पुढं आमची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा आम्ही तिला आजीजवळच ठेवलं, कारण आमची घरी येण्याची वेळ ठरलेली नसायची. रविवारी गाडीनं जायचं, मुलीला पाहायचं, संध्याकाळी परत. मुलगी निघताना रडायची नाही, आणि ते मला रडण्यापेक्षा जास्त लागायचं.

मग लोकांच्या घरात कॉम्प्युटर यायला लागले. आधी दुकानांत, मग डॉक्टरांच्या, वकिलांच्या घरी, मग नोकरदारांकडे. एका खोलीत इंटरनेटचा डबा आणि दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटर, अशी गत व्हायची. भिंतीवरून वायर दिसलेली कुणाला आवडायची नाही. मग ती माळ्यावरून न्यायची, भिंतीत भोक पाडून खाली उतरवायची. नवऱ्यानं हे काम उचललं. त्याचा जोडीदार काही महिन्यांत नागपूरला निघून गेला. खालून वायर सोडायला माणूस मिळेना. एक दिवस मीच म्हटलं, "अजी, मी येऊ का? नुसती वायरच तं सोडाची आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "लोक काय म्हनतीन?"

"म्हनू द्या."

लोक म्हणालेच. गोंदियाच्या बाजारातला एक शेठ पहिल्या दिवशी हसून म्हणाला, "भाभीजी, आप पकडोगे वायर?" मी वायर पकडली. दुसऱ्या घरी कुणी हसलं नाही. तिसऱ्या घरापासून मलाही त्याचं काही वाटेनासं झालं.

गोंदियातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर जी धूळ असते ती नुसती माती नसते. आजूबाजूच्या राईस मिलींतून उडालेला बारीक कोंडा वर्षानुवर्षं कवेलूंच्या फटीतून आत येऊन बसलेला असतो. हात लागला की पिठासारखा उडतो. नवरा खाली उतरायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. तोंडाला रुमाल बांधून जायचा, पण वर उकाड्यात रुमाल ओला होऊन नाकाला चिकटायचा, मग तो काढून खिशात घालायचा. खाली आल्यावर आधी खोकायचा, मग पाणी प्यायचा, मग वायरीचं टोक हातात घ्यायचा. मोटरसायकलवर परत येताना भेंडोळं माझ्या मांडीवर असायचं आणि मला झोप यायची. तो पुढून ओरडायचा, "झोपू नको वं, पडशीन." घरी आल्यावर मी भात टाकायची. भात शिजेपर्यंत आमच्यातलं एक कुणीतरी झोपून गेलेलं असायचं. मग दुसरं उठवायचं, जेवायचं, पुन्हा झोपायचं.

गोंदियाजवळच्या गोरेगावचं काम आलं ते उन्हाळ्यात. बंगलोरला नोकरीला असलेल्या एका मुलीनं फोन करून ठरवलं होतं. तिची आई गोरेगावला एकटी राहायची. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. सगळं गाव तिला नर्सबाईच म्हणायचं. वर्षभरापूर्वी न्हाणीघरात पडली आणि तेव्हापासून काठीशिवाय चालता येत नव्हतं. मुलीला रोज आईचा चेहरा पाहायचा होता. तिनं कॉम्प्युटर पाठवला, इंटरनेट घेतलं. पण इंटरनेट ज्यातून यायचं तो टेलिफोन समोरच्या खोलीत आणि बाई राहायच्या मागच्या खोलीत, कारण तिथून न्हाणीघर जवळ होतं. मध्ये दोन खोल्या आणि हातभर जाड मातीच्या तीन भिंती. बिनतारी सिग्नल दुसऱ्या भिंतीशीच संपत होता. आणि भिंतीवरून वायर झाकायची पट्टी ठोकावी तर खिळा मारला की माती गळायची. माळ्यावरूनच जाणं भाग होतं.

आम्ही सकाळी पोचलो. बाई मधल्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. ठेंगण्या, सावळ्या, केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी आम्हाला आधी चहा घ्यायला लावला.

"हे कॉम्प्युटरचं माझं डोकं नाही," त्या म्हणाल्या. "तिचा हट्ट आहे. मी म्हटलं फोन आहे ना, बोलते ना मी तुझ्याशी. म्हणते, आवाजावरून मले काही समजत नाही आई, तू खोटं बोलतेस."

"आणि तुमी बोलता का खोटं?" मी विचारलं.

"मग काय खरं सांगू तिले? रोज?"

माळ्यावर जायला मधल्या खोलीतच छताला चौकोनी तोंड होतं. नवऱ्यानं शिडी लावली आणि चढला. मी समोरच्या खोलीत, छताच्या फळीतल्या फटीखाली वायर घेऊन उभी राहिले. त्यानं वरून दोरी सोडली, मी वायरचं टोक बांधलं, त्यानं ओढून घेतलं. नेहमीसारखंच सगळं. ढील दे. थांब. ढील दे.

थोड्या वेळानं नर्सबाईंनी मला आत बोलावलं. त्या मान वर करून छताकडे पाहत होत्या.

"त्याला खाली बोलव."

"काय झालं बाई?"

"श्वास ऐक त्याचा."

मी ऐकलं. फळ्यांच्या पलीकडून सूं-सूं आवाज येत होता, चाळणीतून काही बारीक चाळत असल्यासारखा. तो आवाज मला ओळखीचा होता. रोज झोपेत माझ्या शेजारी तोच असायचा. थकलेल्या माणसाचा श्वास असाच असतो, असं मी धरून चालले होते.

"थकून राहिले थोडे," मी म्हटलं.

"हे थकणं नाही, पोरी."

मी परत समोरच्या खोलीत गेले. वायर हातात घेतली तर ती सैल पडलेली. ओढ लागत नव्हती. "अजी?" मी हाक मारली. उत्तर नाही. "अजी, ढील देऊ का?" काहीच नाही. मग वरून फळीवर दोनदा ठक-ठक झालं. बोलायला दम नव्हता म्हणून त्यानं बोटांनी वाजवलं होतं.

शिडी चढून मी डोकं आत घातलं तेव्हा तो माळ्याच्या तोंडापाशी येऊन पडला होता. ओठ जांभळट दिसत होते. मी त्याचे पाय धरून एकेक पायरीवर टेकवले आणि कसाबसा खाली आणला. नर्सबाई काठी टाकून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, कोपरं गुडघ्यांवर ठेवायला लावली, पुढं वाकवलं. "ओठ आवळ. शिट्टी वाजवल्यासारखा हळूहळू सोड श्वास. घाई नको." वीज गेलेली होती. मी सुपानं वारा घालत राहिले. बऱ्याच वेळानं त्याचे खांदे खाली आले.

"कधीपासून आहे हे?" बाईंनी विचारलं.

"काई नाई जी. धूर गेली नाकात." धुळीला तो धूरच म्हणायचा.

"माझा जन्म गेला दवाखान्यात. मले नको सांगू."

 तो पाणी प्यायला आणि उठायला लागला. "बस झालं. अर्ध्याच्या वर गेली वायर. एकदा अजून जातो, होऊन जाते."

"माझ्या घरात नाही," नर्सबाई म्हणाल्या.

"अवो बाई, काम कराले आलो ना आमी. करू द्यान का नाई?"

"वायर नाही झाली तर चालन मले. तुला परत वर पाठवणार नाही. मुलीला मी सांगते काय सांगायचं ते."

नवरा चिडला. परक्या घरात त्याला चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काम करताना तो पाण्यासारखा शांत असायचा. त्यानं हत्यारं पिशवीत भरायला घेतली, मग अर्ध्यात सोडली, बाहेर जाऊन पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला. समोरून सायकलवर माणसं बाजाराला चालली होती. मी मागून त्याची पाठ पाहत होते. सदरा घामानं चिकटला होता आणि बरगड्या वर-खाली होत होत्या. मला त्या घटकेला त्याची दया आली नाही, भीतीही वाटली नाही. नुसता शीण आला. वाटलं, इथंच जमिनीवर पडावं आणि कुणी काही विचारू नये.

पण वायर अर्धी वर होती. ती तशी टाकून फुलचूरला परत जायचं, आणि तिथं बसून करायचं काय, ते सुचेना.

मी त्याच्याजवळ गेले. "मी चढतो वर," म्हटलं. आमच्या बोलीत बाईमाणूसही चढतोच म्हणते.

"तू?"

"तुमी खालून सांगा."

"वरचं तुले काय समजते? फळीवर पाय पडला तं खाली जाशीन. मयालीवर, मयालीवर जा लागते."

"मग सांगून राहिले ना तुमी. तेच सांगा."

 तो उठून आत आला आणि शिडीचा पाय धरून उभा राहिला. मी ते उत्तर समजले.

साडीत वर जाता येणार नव्हतं. नर्सबाईंनी ट्रंकेतून त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा पायजमा काढून दिला. मी तो कमरेशी गाठ मारून घातला, वर बाईंचाच एक जुना ब्लाउज, डोक्याला आणि नाकातोंडाला फडकं. बाई माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसल्या. नवरा हसला नाही.

इतकी वर्षं मी वर फक्त डोकं घालून पाहिलेलं होतं. आत शिरल्यावर कळलं की तिथं हवाच नाही. कवेलू डोक्याच्या वर वीतभर, तापलेले. बसता येत नाही, गुडघ्यावर चालता येत नाही, पोटावरच जायचं. एका फुटलेल्या कवेलूतून उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात धूळ वर-खाली तरंगत होती. मी थोडा वेळ डोळे मिटून पडले. खालून आवाज आला, "उजव्या हाताले मयाल दिसते का?" मी म्हटलं दिसते. "तिच्यावर कोपर ठेव. मंग दुसरा. घाई नको करू."

मी निघाले. तो जिथून गेला होता तिथं धुळीत रुंद पट्टा उमटला होता, मोठा अजगर गेल्यासारखा. त्याच पट्ट्यातून मी सरपटत होते. पुढं गेल्यावर मला त्या पट्ट्यात कोपरांच्या खुणांमध्ये एक गोल, वाटीएवढा पुसलेला भाग दिसला. आधी कळलं नाही ते काय. थोड्या अंतरावर आणखी एक. मग आणखी. तिसऱ्यापाशी मी दमले, दोन्ही कोपरं टेकली, कपाळ खाली ठेवलं, आणि तेव्हा समजलं. ती त्याच्या कपाळाची खूण होती. तो इथं थांबला होता, कपाळ टेकून पडला होता, दम येईपर्यंत. पुढं पुढं त्या खुणा जवळजवळ होत गेल्या होत्या. शेवटच्या दोन तर अगदी लागून होत्या, आणि तिथंच वायर पडली होती.

खाली मी उभी असायची तेव्हा वायर अधूनमधून थांबायची. मला वाटायचं तो जागा पाहतो आहे, वळण काढतो आहे. मी हात मोकळे करून घ्यायची, घरच्यांशी चार शब्द बोलायची. किती घरांच्या माळ्यांवर अशा खुणा असतील, असं मनात आलं. गोंदियात, आमगावात, कुठं कुठं. मी तिथं पडून राहिले. खालून आवाज आला, "काय झालं? आयकून राहिली का?"

"हो."

"मंग बोलत काऊन नाई?"

"दम घेऊन राहिलो," मी म्हटलं.

 मग तो म्हणाला, "घे."

दुसरी भिंत वरपर्यंत नव्हती, तिच्यावरून वायर गेली. तिसरी मात्र थेट कवेलूंना भिडली होती. तिच्यात सळईनं भोक पाडायचं होतं. झोपून, हात डोक्याच्या पुढं करून, मातीत सळई फिरवायची. माती डोळ्यांत यायची. दर थोड्या वेळानं मी थांबायची आणि खालून तो म्हणायचा, "सळई सरळ धर, खाली नको जाऊ देऊ." त्याला दिसत काहीच नव्हतं; आवाजावरूनच तो ओळखत होता. त्या दिवशी भोक पडलं नाही. मी उतरले आणि नर्सबाईंच्या फरशीवर आडवी झाले. फरशी गार होती. नवरा शेजारी येऊन बसला आणि माझ्या केसांतली कोळ्याची जाळी एकेक करून काढत राहिला. बाई काठी टेकत आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

परतताना मोटरसायकलवर त्यानं विचारलं, "वर काय दिसलं?"

"धूर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भोक पडलं. वायर पलीकडं गेली, मागच्या खोलीत खाली उतरली. आता त्याचं काम होतं. वायरीच्या पोटातले रंगीत आठ तंतू उलगडायचे, सरळ करायचे, क्रमानं लावून जॅकमध्ये दाबायचे. तो खुर्चीवर बसून ते करत होता. टेस्टर लावला तर एक दिवा लागेना. त्यानं जॅक कापून टाकला, पुन्हा केला. मग सगळे दिवे ओळीनं लागले.

कॉम्प्युटर सुरू झाला. नर्सबाई पदर नीट करून समोर बसल्या. पडद्यावर मुलगी आली. आईसारखाच चेहरा, चष्मा लावलेला, मागं ऑफिसचं काचेचं दार. दोघी थोडा वेळ नुसत्या पाहत राहिल्या.

"दिसून राहिलीस," बाई म्हणाल्या.

"तू पण."

"जेवली का?"

"हो. तू?"

"जेवली."

आणि मग दोघींना काही सुचेना. इतका खटाटोप करून त्यांनी एकमेकींना गाठलं आणि बोलायला काही नव्हतं. मला वाटतं मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चित्र मधूनच थांबत होतं, त्यामुळं खात्रीनं सांगता येत नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर वाढला का तुझा?" आणि तिथून त्यांचं बोलणं लागलं. आम्ही हत्यारं घेऊन बाहेर आलो.

निघताना बाईंनी मला दारात थांबवलं. "त्याला छातीच्या डॉक्टरकडे ने. उद्याच. तो येणार नाही म्हणेल. तरी ने."

तो येणार नाही म्हणाला. तरी मी नेला. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात रांगेत बसून, छातीचा फोटो काढून, नळीत फुंकायला लावून डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं खराब झाली आहेत, जेवढी झाली तेवढी परत येणार नाहीत, पुढची वाचवा. धुळीत जायचं नाही. तोंडात ओढायचा पंप दिला. घरी आल्यावर तो खाटेवर बसून पंप हातात फिरवत राहिला.

"म्हणजे मी आता काय कराचं?" त्यानं विचारलं. माझ्याकडे पाहून नाही, पंपाकडे पाहून.

"खालून सांगाचं," मी म्हटलं.

तेव्हापासून आमचं उलटं झालं. मी वर, तो खाली. मी एक जाडी पँट शिवून घेतली. लोक पुन्हा म्हणाले. "ऊपर भाभीजी जाएंगी?" असं शेठ लोक विचारायचे आणि त्यांच्या बायका आतून येऊन उभ्या राहायच्या. काही बायकांना ते आवडायचं. एका घरी एका सुनेनं मला हळूच विचारलं की वर कसं वाटतं. मी सांगितलं, गरम. तिला आणखी काही ऐकायचं असावं, पण माझ्याजवळ सांगायला तेवढंच होतं.

मी पाच-सहा वर्षं माळ्यांवर गेले. सवय होईल असं वाटलं होतं, सवय झाली नाही.  कोपरं काळी पडली, गुडघे रात्री ठणकायचे. नाकातोंडाला मी नेहमी कापड बांधायची आणि ते कधी काढायची नाही, खालून तो विचारायचा, "फडकं आहे ना तोंडाले?" आधी ढील, मग फडकं, मग पुन्हा ढील. कधी मी मुद्दाम उत्तर द्यायला उशीर करायची. मग त्याच्या आवाजात घाई यायची. ती ऐकली की मला बरं वाटायचं आणि मी सांगून टाकायची, आहे, आहे.

गोरेगावला मी अधूनमधून जात होते. उंदीर वायर कुरतडायचे. नवरा बसस्टँडवर सोडून देई आणि मी एसटीनं जाई, कारण एवढ्या कामाला दोघांची गरज नव्हती. एकदा अशीच दुपारी गेले. बिघाड समोरच्या खोलीतच होता, वायरीच्या टोकाशी. तो काढला, सामान आवरलं आणि बऱ्याच वेळानं बाईंना सांगायला मागं गेले. कॉम्प्युटर सुरू झाला होता. पडद्यावर मुलगी होती, कानात इअरफोनचे बोळे घालून काहीतरी टाईप करत होती. आणि बाई पलंगावर पडद्याकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या. मुलीनं मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली. ती तिच्या कामाला लागली. मी तिथं उंबऱ्यावर बसले. वायर चालते आहे एवढं दिसलं होतं, निघायला हरकत नव्हती, पण उठवेना. एक बाई झोपलेली, एक काम करत असलेली, आणि बटणं दाबल्याचा बारीक आवाज. मलाही तिथंच भिंतीला टेकून डुलकी लागली. जाग आली तेव्हा बाई उठून बसल्या होत्या आणि मुलीला सांगत होत्या, "ही पण झोपली बघ."

पुढच्या वर्षी मुलगी येऊन त्यांना बंगलोरला घेऊन गेली. जाण्याआधी बाईंचा माझ्या नवऱ्याला फोन आला होता. पंप नियमित घेतो का, एवढंच विचारायला. तो हो म्हणाला. खरं होतं ते, निदान तेव्हा.

मग हळूहळू कामं कमी झाली. लोकांच्या हातात मोबाईल आले, त्यातच इंटरनेट आलं. सिमेंटची नवी घरं बांधताना लोक भिंतीत आधीच पाइप टाकून घ्यायला लागले. कवेलूची घरं पडत गेली किंवा त्यांच्यावर टिनाचे पत्रे आले. नवऱ्यानं फुलचूरच्या चौकात मोबाईल रिचार्जचं लहान दुकान टाकलं. तिथं बसून काम होतं, धूळ रस्त्याची होती पण कोंडा नव्हता. तरी कुणी वायरीसाठी बोलावलं की तो दुकान बंद करून माझ्याबरोबर यायचा. मी म्हणायची, सोपं काम आहे, मी एकटी जातो. तो म्हणायचा, "एकटीनं वायर जाते का कुठं?"

आमची मुलगी तोवर मोठी होऊन आमच्याजवळ राहायला आली होती. तिला आमचं काम कळायचं नाही. "वर जाऊन तू करतेस काय नेमकं?" असं तिनं एकदा विचारलं. मी सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण ती ऐकत होती खरी, पण मला बोलायचा कंटाळा आला. तिनं माझे पाय तिच्या मांडीवर घेतले आणि दाबत बसली. तेवढ्यावर आमचं भागलं.

शेवटचं काम आम्ही गोंदियात एका नव्या बंगल्यात केलं. शेवटचं आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. त्यानंतर कुणी बोलावलं नाही, म्हणून ते शेवटचं. बंगल्यात माळा नव्हताच. प्रत्येक भिंतीत पाइप, प्रत्येक पाइपात आधीच घालून ठेवलेली ओढतार. तारेला वायर बांधायची आणि दुसरीकडून ओढायची. आम्ही दोघंही खालीच होतो. तो एका खोलीत, मी दुसऱ्या, मध्ये भिंत. ओरडायची गरज नव्हती. त्यानं ओढलं, वायर सरसर गेली. कुठं अडकली नाही. आम्ही जॅक बसवले, दिवे लागले, मालकानं पाहिलं आणि ठीक आहे म्हणाला. दहासुद्धा वाजले नव्हते.

आम्ही फाटकाबाहेर मोटरसायकलजवळ येऊन उभे राहिलो. ऊन अजून कोवळं होतं. अंगावर धूळ नव्हती, कपडे सकाळी घातले तसेच होते. पूर्ण दिवस लागेल असं धरून मी डबा आणला होता, दुकानाला कुलूप होतं, मुलगी कॉलेजात होती.

"आता?" त्यानं विचारलं.

 आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. मग फुलचूरला घरी आलो, डबा उघडून भाजी-भात खाल्ला, आणि दार नुसतं लोटून, सतरंजी टाकून, दोघंही भर दिवसा झोपलो. बाहेर कुणाचं तरी दळण घेऊन जाणं, पोरांचं ओरडणं, गाड्या, सगळं ऐकू येत होतं. त्याचा श्वासही ऐकू येत होता. मी थोडा वेळ तो ऐकत जागी राहिले, मग मलाही झोप लागली.